तुझ्या राजाच्या हातातली काडेपेटी काढून घे

चिऊ,

तू पाठवलेले तिन्ही चॅप्टर काल रात्री एका दमात वाचले, मोबाईलवर पीडीएफ वाचून डोळे चुरचुरायला लागले तरी फोन खाली ठेववेना, म्हणजे पास आहेस. आता तूच म्हणालीस ना की आई खरं खरं सांग, तर सांगते, लगेच फुगून बसू नकोस.

तळघराचा सीन मस्त जमलाय. त्या पोरीला वाचता येत नाही तरी अंधारात पानांवरून नुसती बोटं फिरवते, तिथे मी दोन मिनिटं थांबलेच. पण तुझा राजा काही मला पटला नाही बाई. दर दोन पानांनी काहीतरी जाळतोय! वैद्यकीची पुस्तकंसुद्धा जाळली, मग उद्या ह्यालाच ताप आला तर औषध कोण सांगणार? चीनच्या पहिल्या सम्राटाचा इसवी सनापूर्वी २१३ सालचा पुस्तकं जाळायचा हुकूम सांगतात ना, त्यातून औषधं, शेती आणि भविष्य बघायची पुस्तकं वगळली होती. एवढी अक्कल जुलमी माणसालाही असते.

मला विचारशील तर राजाची काडेपेटी काढून घे आणि एका कारकुनाच्या हातात लेखणी दे. कोपर्निकसचं काय झालं बघ. पृथ्वी सूर्याभोवती फिरते सांगणारं त्याचं पुस्तक आलं १५४३ ला आणि चर्चने ते अडवलं १६१६ मध्ये, म्हणजे तब्बल ७३ वर्षांनी, आणि तेही जाळलं नाही, फक्त 'दुरुस्त होईपर्यंत' थांबवलं. मग १६२० मध्ये दुरुस्त्यांची यादी आली, एवढा जाडजूड ग्रंथ आणि बदल जेमतेम दहा-एक जागी. जिथे तो ठासून सांगतोय की फिरते, तिथे 'फिरते असं समजू' करा, साधारण एवढंच. आणि हे करायचं कुणी, तर ज्याच्याकडे पुस्तक आहे त्यानेच, आपल्या हाताने, आपल्याच शाईने! इटलीत पुष्कळांनी मुकाट्याने ओळी खोडल्या, बाहेरच्या देशांत फारसं कुणी मनावर घेतलं नाही. गॅलिलिओच्या स्वतःच्या प्रतीतही खोडलंय, पण इतक्या हलक्या हाताने की खालचं सगळं वाचता येतं. मला तर हे वाचून हसूच आलं, यादी पाळली पण आणि नाही पण. असा एखादा म्हातारा घाल ना तुझ्या गोष्टीत, सरकारी हुकूम आला की मान डोलावून पुसट रेघ मारणारा. तुझ्या त्या तलवारवाल्या हिरोपेक्षा मला तोच जास्त आवडेल.

आणि ती गुप्त मंडळी एका रात्रीत अख्खा ग्रंथ हाताने उतरवतात हे अतीच झालं हं. सोव्हिएत काळात लोक चोरून टाइपरायटरवर बसायचे, पातळ कागद, मध्ये कार्बन, एका वेळी चार-पाच प्रती निघणार आणि शेवटची इतकी पुसट की अर्धं अंदाजाने वाचायचं. ती पण कधीकधी एका रात्रीपुरतीच हातात, सकाळी पुढच्याला द्यायची. ती शेवटची पुसट प्रत कुणाच्या वाट्याला येते आणि तो चुकीचा अंदाज काय लावतो, ह्यात तुझा एक अख्खा चॅप्टर लपलाय बघ.

बाकी शुद्धलेखनाचं बोलत नाही, ते बाबा बोलतील.

अजून एक, म्हटलं तर कबुली. तू आठवीत असताना ती जाड कादंबरी अर्धी वाचून झाली होती तुझी, आणि मी ती उचलून कपाटावर मोठ्या बॅगेच्या मागे ठेवली, तुला सांगितलं मैत्रिणीला परत दिली. फाडली नाही, ओरडले नाही, नुसतं 'लहान आहे अजून, नंतर बघू'. आता तुझा राजा वाचताना सारखं तेच आठवत होतं. तर गेल्या महिन्यात बॅग काढायला स्टुलावर चढले आणि ती हाताला लागली, उघडली तर अगदी शेवटून दहा-बारा पानं राहिलेली आणि तिथे तुझी निळी हेअरपिन! म्हणजे तू स्टुलावर चढत होतीस आणि मी सगळ्यांना सांगत होते की पोरीने हट्टच केला नाही.

पिन तशीच ठेवलीये तिथे. ती दहा पानं राहिली का, की दुसरीकडून मिळवून वाचलीस, ते फोनवर सांग. आणि चौथा चॅप्टर पाठव, पण ह्या वेळी अक्षर मोठं करून.

तुझी,
आई