जरा कळ काढ

तीर्थरूप आई-बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर विचारलं की बाबा "मजेत" म्हणतात आणि फोन आईच्या हातात देतात. मग आई आतल्या खोलीत जाऊन हळू आवाजात खरं काय ते सांगते. म्हणून या वेळी पत्र, दोघांना मिळून एकच. आई, तू मोठ्याने वाच. बाबा, मध्ये उठायचं नाही.

बाबा, ध्यानाच्या वर्गातून तुम्ही वीस मिनिटांत उठून आलात ते मला कळलंय. आईला वाटतं तुम्ही हट्ट केलात. मला तसं वाटत नाही. दिवे घालवले, सगळ्यांना डोळे मिटायला लावले, दार तुमच्या पाठीशी, आणि उशिरा आलेला माणूस नेमका त्याच दाराने आत आला. उमेदीची सगळी वर्षं ज्याने फौजेत, दाराकडे तोंड करून बसण्यात काढली, त्याला तिथे शांत कसं वाटावं? तुम्ही बसून राहिला असतात तर मला जास्त काळजी वाटली असती.

पण घरी आल्यावर तुम्ही आईला जे म्हणालात ते काही मला पटलं नाही. "आम्ही रात्र रात्र जागून पहारा दिलाय, आम्हाला हे काय लक्ष द्यायला शिकवणार? आणि दुखणं सोसायचंच असेल तर ते सोसतोच आहे की."

पहारा दिलात हे खरं. गफलत आहे ती त्या 'सोसण्यात'.

लहानपणी मी पडले-झडले की तुमचं एकच वाक्य असायचं, "जरा कळ काढ." गुडघा फुटला, कळ काढ. दाढ दुखली, डॉक्टर उद्या भेटतील, तोवर कळ काढ. आणि ते उपयोगी पडायचं, कारण ती दुखणी दोन दिवसांची होती. तुमच्या पाठीचं दुखणं दोन दिवसांचं नाही. तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकलं की डॉक्टर त्याला जुनाट म्हणतात, तुमचं तर माझ्या लग्नाच्याही आधीपासूनचं. इतकी वर्षं कळ काढायची म्हणजे इतकी वर्षं दात आवळून ठेवायचे. मला वाटायचं ध्यान म्हणजेही तेच, फक्त मांडी घालून. तसं नाही, हे मी स्वतः बसले तेव्हा कळलं.

हो, मी बसले. आधी स्वतः करून बघितल्याशिवाय तुम्हाला सांगायला आले असते तर तुम्ही दारातूनच परत पाठवलं असतं. आठ आठवड्यांचा कोर्स होता. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जो साचा सुरू केला, त्यावर बेतलेला. त्यांच्याकडे पहिल्यापासूनच जुनाट दुखण्याचे रुग्ण यायचे, औषधांनी पुरेसा आराम न पडलेले. पहिल्या दिवशी एक मनुका हातात देतात आणि ती सावकाश, जणू आयुष्यात पहिल्यांदाच बघतोय अशी खायची. मला तुमची आठवण आली. तुमचं अख्खं ताट तेवढ्या वेळात रिकामं होऊन धुऊनही झालं असतं.

मग बॉडी स्कॅन. आडवं पडायचं आणि पायाच्या अंगठ्यापासून डोक्यापर्यंत एकेका भागावर लक्ष फिरवत न्यायचं. पहिल्या तीन वेळा मी गुडघ्याच्या वर पोचलेच नाही, झोप लागली. चौथ्या-पाचव्या आठवड्यात मात्र एक गोष्ट दिसली. माझी मान दुखते हे तुम्हाला माहीत आहे. त्या दिवशी लक्ष मानेपाशी आलं, तर दुखत होती तेवढी मानच, पण तिच्यासाठी जबडा आवळलेला, खांदे कानापर्यंत चढलेले, श्वास अर्ध्यावर अडवलेला. शिवाय डोक्यात एकसारखं चाललेलं, "हे आता असंच राहणार." ठणका एकीकडे आणि त्याच्याभोवती मी बांधलेला हा तट दुसरीकडे. ठणका माझ्या हातात नव्हता, पण तट मीच बांधला होता. खांदे खाली सोडले. मान दुखायची थांबली नाही. ती खाली-वर होते, मध्ये एखाददुसरा क्षण जवळजवळ काहीच नसतं, हे इतक्या वर्षांत पहिल्यांदा कळलं.

बुद्धाच्या सल्लसुत्तात हेच बाणाचं उदाहरण देऊन सांगितलंय. पहिला बाण लागतो तो शरीराला. मग माणूस शोक करतो, चडफडतो, तो दुसरा बाण. तुमच्या भाषेत सांगायचं तर पहिला शत्रूचा, दुसरा आपल्याच बाजूचा.

बाबा, तुम्हीच एकदा सांगितलं होतं की पाठीला मार लागला त्या दिवशी तुम्हाला काही जाणवलंच नाही, दुखायला लागलं ते दुसऱ्या दिवशी, सगळं निवल्यावर. मला तेव्हा ती फुशारकी वाटली होती, माफ करा. हेन्री बीचर नावाच्या अमेरिकन भूलतज्ज्ञाने दुसऱ्या महायुद्धात नेमकं हेच पाहिलं आणि १९४६ मध्ये लिहून ठेवलं. मोठ्या जखमा झालेले कितीतरी सैनिक शुद्धीवर होते, बोलत होते, आणि वेदनाशामक हवंय का विचारलं तर नको म्हणत होते. जखम केवढी आणि दुखतं किती, यांचं गणित सरळ नाही. पुढे १९६५ मध्ये मेलझॅक आणि वॉल या दोघांनी मांडलं की दुखण्याचे संदेश पाठीच्या कण्यातल्या एका फाटकातून वर जातात आणि ते फाटक किती उघडायचं यात मेंदूचाही हुकूम चालतो. त्यांच्या मांडणीतले तपशील नंतर बदलले, पण मेंदू खालीही हुकूम पाठवतो हे टिकलं. भीती, जाग्रण, सततची सावधगिरी असली की फाटक जास्त उघडतं. लढाईच्या दिवशी तुमचं बंद होतं. आता घरात, गादीवर, ते सताड उघडं असतं.

म्हणून मला तुमचं ते पहाऱ्याचं बोलणं इतकं लागलं. पहाऱ्यावरच्या माणसाला ठरलेल्या वेळी बदली मिळते ना? दुसरा येतो, हा जाऊन झोपतो. तुमच्या पाठीला, खांद्यांना, कानांना ती बदली कधी मिळालीच नाही. लक्ष देणं तुम्हाला कुणी शिकवायची गरज नाही, ते माझ्यापेक्षा तुम्हाला दसपट येतं. पण तुमचं लक्ष धोका हुडकतं. ध्यानात लक्ष तेच असतं, फक्त रिपोर्ट द्यायचा नसतो.

"हे सगळं मनाचे खेळ" असं तुम्ही म्हणणार, म्हणून थोडं वाचून ठेवलंय. अमेरिकेत ८११ माजी सैनिकांवर मोठी चाचणी झाली, २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. सगळ्यांना जुनाट दुखणं. काहींनी आठ आठवडे व्हिडिओवर गटात बसून ध्यान शिकलं, काहींनी घरी आपापल्या सवडीने, आणि उरलेल्यांचे नेहमीचे उपचार चालू राहिले. ध्यान शिकलेल्या दोन्ही गटांचं दुखण्यामुळे अडणारं रोजचं काम सुधारलं, आणि फरक वर्षभर टिकला. मन खचणं आणि पीटीएसडीची, म्हणजे भयंकर प्रसंगानंतर मनावर राहून गेलेल्या आघाताची, लक्षणंही कमी झाली. म्हणजे वर्गात जायलाच हवं असंही नाही, हे तुमच्या सोयीचं.

पीटीएसडी हा शब्द वाचून तुमच्या कपाळावर आठी आली असेल. १९८० मध्ये अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत तो आला. त्याआधी, पहिल्या महायुद्धात त्याला शेल शॉक म्हणायचे आणि कितीकांना भित्रे ठरवायचे. तुम्ही तो शब्द वापरू नका, माझी हरकत नाही. रात्रीचं दचकून उठणं एवढंच म्हणू.

एकच बाजू सांगितली असं नको. २०१५ मध्ये असं रात्रीचं दचकणं असलेल्या ११६ माजी सैनिकांवर अभ्यास झाला. ध्यानाच्या गटाची लक्षणं, नुसतं गटात बसून बोलणाऱ्या दुसऱ्या गटापेक्षा, थोडी जास्त हटली, पण निदानच पुसलं जावं इतका फरक दोन गटांत दिसला नाही. आणि ध्यानाच्या गटातूनच जास्त जण मध्ये सोडून गेले. तर बाबा, उठून जाणारे तुम्ही पहिले नाहीत. २०१८ मध्ये मंत्र मनात घोळवण्याच्या ध्यानाची तुलना त्या उपचाराशी केली, ज्यात घडलेली घटना पुन्हा पुन्हा सांगावी लागते. ध्यान त्याच्यापेक्षा कमी पडलं नाही. तुम्ही ती रात्र कुणालाच सांगितली नाही, आईलासुद्धा नाही. सांगायलाच पाहिजे असं नाही, एवढंच मला त्यातून कळलं आणि हायसं वाटलं. तुम्हाला श्वासापेक्षा नाम घेणं जवळचं वाटलं तर तेच करा, मला चालेल.

आता कसं करायचं ते. खुर्चीत, पाठ भिंतीला, दार समोर. डोळे उघडे, नजर जमिनीवर दोन हात पुढे. दिवा चालू. सुरुवात पाठीपासून मुळीच करायची नाही. जिथे दुखत नाही अशी जागा शोधायची, तळपाय, तळहात, काहीही. जमिनीचा तळपायाला होणारा स्पर्श घ्या, तो सगळ्यात बिनधोक. श्वासाकडे लक्ष दिल्यावर छाती आवळून येत असेल तर श्वास सोडून द्या, पुन्हा तळपाय. काही दिवस जमलं की मग पाठीच्या दुखऱ्या जागेच्या कडेपर्यंत जायचं, दोन श्वास थांबायचं आणि परत तळपायाकडे यायचं. टेहळणीला जाऊन परत येतात तसं. मुक्काम करायचा नाही. पाच मिनिटं पुरे, नंतर दहा.

काही वेळा उलट होतं, हेही आधीच सांगते. शांत बसलं की दाबून ठेवलेलं वर येतं, आवाज येतात, वास येतात. तसं झालं तर चालू ठेवणं यात मर्दुमकी नाही. उभं राहायचं, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने घ्यायची, आईला हाक मारायची. दोन-तीनदा असं झालं तर बसणं थांबवून डॉक्टरांशी आणि समुपदेशकाशी बोलायचं, आणि जगणंच नकोसं वाटलं तर त्याच दिवशी, रात्र असली तरी. आणि गोळ्या! ध्यान सुरू केलं म्हणून एकही गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. मागच्या खेपेला काय झालं ते विसरला नसाल.

आई, आता तू.

बाबा झोपेत ओरडायला लागले की तू त्यांना हात लावत नाहीस. पलंगाच्या पायथ्याशी जाऊन उभी राहतेस, दिवा लावतेस आणि लांबूनच "अहो, घरी आहात" म्हणतेस. मी दहा-अकरा वर्षांची असताना दाराच्या फटीतून हे पाहिलं होतं. हे तुला कुणी शिकवलं नाही. एकदा मनगट सुजलं होतं, ते दाराला लागलं असं तू आम्हाला सांगितलंस. मी तेव्हा विश्वास ठेवला. आता ठेवत नाही, पण त्याबद्दल कुणालाच दोष द्यायचा नाहीये मला.

सांगायचं हे की तूही पहाऱ्यावर आहेस. बाबांच्या श्वासाचा आवाज बदलला की तू जागी होतेस. तुझं डोकं दुखतं, ॲसिडिटी होते, खांदा धरतो, आणि त्याला तू वय म्हणतेस. वरच्या सगळ्या अभ्यासांत सैनिकांची मोजदाद आहे, पायथ्याशी उभ्या राहणाऱ्यांची नाही. म्हणून बाबांच्या खुर्चीशेजारी तुझीही खुर्ची हवी. त्यांच्यावर लक्ष ठेवायला नाही. त्या दहा मिनिटांत ते काय करतात, मांडी हलवतात की खोकतात, याकडे तू बघायचंच नाही. तुझ्यासाठी हेच सगळ्यात अवघड जाणार, मला माहीत आहे.

आणि कृपा करून दोघांनी एकमेकांना "आज काही फरक वाटला का" असं रोज विचारू नका. मी कोर्सभर तेच करत होते आणि दर वेळी उत्तर "नाही" यायचं. फरक कशात दिसेल? बाबा बुटाची नाडी बांधताना श्वास रोखतात का, रात्री जाग आल्यावर परत झोप लागायला किती वेळ लागतो, असल्या बारीक गोष्टींत. दुखणं जाईल असं मी म्हणत नाही. कुणी तसं म्हणालं तर त्याच्या वर्गातूनही उठून या.

रविवारी सकाळी सात वाजता मी फोन करते. स्पीकरवर ठेवून मध्ये स्टुलावर ठेवा. मीही इकडे खुर्चीत बसेन, काही बोलणार नाही. दहा मिनिटं झाली की मी "बदली" म्हणेन. बाबा, त्याआधी उठावंसं वाटलं तर उठा, खोलीत एक चक्कर मारा, परत आलात तर उत्तम, नाही आलात तरी काही बिघडत नाही. फक्त फोन आईच्या हातात देऊ नका.

तुमची लेक