दिवाळीला येत नाहीये, पण पत्र पूर्ण वाचा

विशेउ दे सुस, उत्तर रोमानिया

तीर्थरूप बाबा आणि सौ. आई,
साष्टांग नमस्कार.

हे फोनवर सांगितलं असतं तर आई पहिल्याच वाक्याला रडली असती आणि बाबा "बरं, ठीक आहे" म्हणत फोन तिच्या हातात देऊन अंगणात गेले असते. म्हणून लिहितेय. दादाला मोठ्या अक्षरात प्रिंट काढून द्यायला सांगितलंय. बाबा, चष्मा लावा आणि आईला वाचून दाखवा. मधलं काही गाळू नका, तुमची ती सवय मला माहीत आहे.

तर, मी दिवाळीला येत नाहीये. हॅम्बुर्गच्या प्रयोगशाळेतलं काम संपलं की परत यायचं असं आपलं ठरलं होतं, पण त्यांच्याच इथल्या जंगलातल्या कामासाठी मी दोन वर्षांचा करार केलाय. सही झालीय. तुम्हाला आधी विचारलं नाही, कारण तुम्ही दोघांनीही नाही म्हटलं नसतं. "तुझं भलं त्यात असेल तर जा" म्हणाला असता, आणि मग मला रात्रभर झोप आली नसती. फेब्रुवारीत महिनाभर येतेय, तिकीट काढून ठेवलंय. तेव्हा इथे बर्फामुळे डोंगरावर जाताच येत नाही. बाबांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख तेव्हाचीच घ्या. मेपर्यंत ढकलायचं नाही. चंद्रपूरच्या त्या उन्हात टाके घेऊन कुणी बसायचं?

आधी आईचे प्रश्न. खोली गरम असते. कोपऱ्यात मातीच्या टाइल्सची उंच शेगडी आहे, संध्याकाळी लाकडं घातली की पहाटेपर्यंत ऊब राहते. गरम पाणी केव्हाही. लोकरीचे मोजे घरमालकीण आजींनी स्वतः विणून दिलेत. जेवायला मक्याच्या पिठाची मामालिगा असते, दिसायला आपल्या घट्ट पिठल्यासारखी, वर मेंढीच्या दुधाचं चीज. मांस सगळीकडे आहे, पण इथल्या लोकांचे उपास आपल्याहून कडक. दूध-अंडंसुद्धा चालत नाही. त्यामुळे खानावळीत 'उपासाचं' मागितलं की घेवड्याचं सूप, बटाटे, कोबी, सगळं बिनघोर खाता येतं. कुकर आहे. तूरडाळ हॅम्बुर्गहून आणलीय. तुझं तिखट पुरवून पुरवून वापरतेय. आणि हो, होरिंका नावाची प्लमची दारू इथे घरोघरी गाळतात आणि पाहुण्याला दिल्याशिवाय सोडत नाहीत. मी नुसते ओठ लावते. बाबा, हे वाक्यही वाचून दाखवा.

आता काम, आणि हा भाग बाबांसाठी. "टीपी खरी, माल चोरीचा" हे तुमचं वाक्य मी इथे रोज आठवते. वनखात्याच्या नाक्यावर ट्रक अडवायचा, टीपी म्हणजे लाकूड वाहतुकीचा परवाना चोख निघायचा, लठ्ठे जंगलातल्या कुठल्या कूपातले, तोडीच्या कुठल्या तुकड्यातले ते तुम्हाला नजरेनेच कळायचं आणि तरी फाटक उघडावं लागायचं. घरी आल्यावर तुम्ही जेवायचा नाहीत. इथे हुबेहूब तेच चाललंय. तोडायच्या झाडाच्या बुडाशी हातोड्याचा ठसा, ट्रकबरोबर परवाना, सगळं तसंच. २०१४ पासून कुणीही ११२ ला फोन करून ट्रकचा नंबर सांगावा आणि त्याला परवाना आहे का ते विचारावं अशी सोय झाली. २०२१ पासून तर भरलेल्या ट्रकचे फोटोही सरकारी यंत्रणेत चढवावे लागतात. आणि एवढं असूनही! २०१९ च्या अखेरीस देशाच्या स्वतःच्या जंगलमोजणीचे आकडे बाहेर आले. कागदावर वर्षाला सुमारे १.८ कोटी घनमीटर तोड, आणि जंगलातून प्रत्यक्षात जात होतं ३.८ कोटींच्या आसपास. फेब्रुवारी २०२० मध्ये युरोपीय आयोगाने रोमानियाला नोटीस धाडली.

चोरीची रीत तुम्हाला नवी नाही. वादळात पडलेल्या किंवा साल पोखरणाऱ्या भुंगेऱ्याने मारलेल्या स्प्रूसच्या झाडांसाठी वेगळी परवानगी मिळते. त्या आजारी झाडांच्या यादीत धडधाकट झाडं घुसवायची. एकाच परवान्यावर दोन खेपा मारायच्या. आरा मशीनमधून एकदा फळ्या होऊन बाहेर पडल्या की मग कुणाच्या बापाला ओळखू येतंय! तिथून पुढे त्यांचं काय होतं, ते मी हॅम्बुर्गच्या दुकानांत बघितलंय. गुळगुळीत, स्वस्त, वर हिरव्या पानाचं चित्र.

मी यात चोर पकडत नाही, हे आधी डोक्यात घ्या. मी नमुने काढते. छातीच्या उंचीवर खोडात पोकळ गिरमिट दोन्ही हातांनी फिरवत आत न्यायचं, मग त्यातून पेन्सिलीपेक्षा बारीक कांडी ओढून काढायची. ओली, फिकट पिवळी, आणि तिच्यावर वलयं इतकी जवळजवळ की भिंग लागतं. राळ बोटांना चिकटते ती साबणाने जात नाही, खोबरेल लावावं लागतं (आई, बाटली पाठव). कांडी कागदाच्या नळीत घालायची आणि वर जागा, उंची, तारीख लिहायची. पावसाच्या पाण्यातल्या ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जड आणि हलक्या अणूंचं प्रमाण समुद्रापासूनचं अंतर आणि उंची यांप्रमाणे बदलतं. झाड तेच पाणी पितं आणि त्याची खूण लाकडात राहते. पुरेशा जागांचे नमुने हाताशी असले, की व्यापारी म्हणतो त्या मुलखातली ही फळी असू शकते की नाही, हे तपासता येतं. नेमका खुंट सांगता येत नाही, गावही नाही. पण नाक्यावर तुमच्या हातात तेवढंही नव्हतं. तुमच्या खात्यातल्या लोकांना मी हे काम सांगितलं असतं, तर अर्ध्यांनी हसून चहा मागवला असता. तुम्ही हसणार नाही, म्हणून इतकं लांबण लावलंय.

आता जे तुम्ही मोबाइलवर शोधून काढालच, ते मीच सांगते. ऑक्टोबर २०१९ मध्ये याच मारामुरेश जिल्ह्यात लिविउ पॉप नावाचा वनरक्षक बेकायदा तोडीची खबर तपासायला गेला आणि गोळी लागून मेलेला सापडला. त्याच्या आदल्याच महिन्यात याश जिल्ह्यात दुसऱ्या वनरक्षकाला कुऱ्हाडीने मारलं होतं. मग बुखारेस्टमध्ये हजारो माणसं रस्त्यावर उतरली, कायदेही कडक झाले. आलापल्लीच्या त्या रात्रीबद्दल आपल्या घरात कुणी बोलत नाही, पण तो खाकी शर्ट आईने अजून टाकलेला नाही हे मला ठाऊक आहे. म्हणून शपथेवर लिहिते. मी एकटी जंगलात जात नाही, अंधार पडल्यावर तर नाहीच. बरोबर इथल्या खात्याची दोन माणसं असतात. ट्रकच्या मागे जाणं, फोटो काढणं, प्रश्न विचारणं हे माझं काम नाही. नाक्यावरच्या खोलीत मी तुमच्या शेजारी खाटेवर झोपायची, तेव्हा चढावर भरलेल्या ट्रकचा आवाज कसा येतो आणि रिकाम्याचा कसा, हे तुम्ही शिकवलं होतंत. इथे कधी कधी रात्री तो भरलेला आवाज येतो. मी उठून पडदासुद्धा सारत नाही.

आमच्या आजींचं सांगते. त्यांच्या सासऱ्यांचं जंगल १९४८ मध्ये सरकारने घेतलं. २००० नंतर कायद्याने परत मिळालं, पण वारस चार, आणि दोघांनी आपला वाटा लगेच विकला. तिथे आता खुंट आहेत आणि मध्ये रासबेरीची काटेरी झुडपं. लठ्ठे ओढून ओढून त्यांच्या गवताच्या कुरणात गुडघाभर चर पडलेत. पाऊस झाला की ओढा दोन-दोन दिवस गढूळ वाहतो. गंमत अशी, की डोंगरावरून ट्रक भरभरून जातात आणि आजी हिवाळ्याचं सरपण मात्र विकत घेतात, तेही घासाघीस करून. त्यांचा मुलगा आधी आरा मशीनवर होता, आता इटलीत बांधकामावर आहे. गावात कुणी फारसं बोलत नाही, कारण कुणाचा भाऊ ट्रकवर असतो, कुणाचा जावई खात्यात. मला आधी याचा राग यायचा. मग तुम्ही मोळीवाल्या बायकांना सोडून द्यायचात आणि त्यापायी मेमो खाल्लात, ते आठवलं. इथेही घोडागाडीत चार ओंडके घालून नेणारा म्हातारा दंड भरतो, आणि ट्रकवाला हात हलवून निघून जातो. आई, त्या घोड्यांना दृष्ट लागू नये म्हणून कपाळाला लाल गोंडे बांधतात! तुझी आठवण आली.

मी निवडलेलं हे काम चांगलंच आहे असं मी सारखं सांगतेय, मला कळतंय. पण पगार बरा आहे, विमा आहे, दवाखाना चालत जाण्याच्या अंतरावर आहे. लग्नाचं म्हणाल तर माणूस भेटला की सांगेन, दोन वर्षांनी काही बिघडत नाही. मावशीला मी सांगते, तुम्ही तिच्याशी वाद घालू नका.

आता नीट ऐका. बाबा, गच्चीवर चढणं बंद. टाकीचा कॉक दादा बघेल. बीपीची गोळी सकाळी चहाआधी, "विसरलो" चालणार नाही, आई मला रोज एक अंगठा पाठवेल. आई, अंघोळीच्या पाण्यासाठी चूल पेटवणं सोड, धुराने तुझा खोकला वाढतो. गिझर आणलाय तो वापरायला, त्यावर कापड घालून ठेवायला नाही. वीजबिल मी भरते. लक्ष्मीपूजनाला व्हिडिओ कॉल लावा आणि या वर्षी फोन दिव्यांसमोर नको, तुमच्या तोंडांसमोर धरा.

आणि बाबा, एक काम आहे. खऱ्या हातोड्याचा ठसा आणि खोटा, यातला फरक तुम्ही कशावरून ओळखायचात? कडा बघून, की घाव किती खोल आहे ते बघून? माझ्याबरोबरच्या इथल्या माणसाला मी सांगितलंय की माझे बाबा अंगठा फिरवून सांगायचे, आणि त्याला ते पटत नाहीये. सविस्तर लिहून पाठवा. अक्षर कसंही चालेल.

तुमची,
चिमी

ता.क. तिखट अर्धा किलो, खोबरेल, आणि कुरडया. कुरडया फुटू नयेत म्हणून स्टीलच्या डब्यात. यादी दादाला देऊ नका, तो अर्ध्या वस्तू विसरतो.