चर्चच्या आवारातला कडुलिंब

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आमच्या चर्चच्या आवारातला कडुलिंब मे महिन्यात पाडला. गाड्या लावायला जागा हवी आणि पाल्याचा कचरा नको, एवढीच कारणं. त्या जागी पेव्हर ब्लॉक बसायच्या आधी आठवडाभर बुंध्यातून डिंक पाझरत होता, त्यावर मुंग्यांची रांग. उपासना सुटल्यावर म्हाताऱ्या बायका त्याच सावलीत रिक्षाची वाट बघायच्या. आता भिंतीला चिकटून उभ्या राहतात. सोलापूरचं ऊन काय असतं ते तुमच्या वाचकांना सांगायला नको.

मी विषय काढला तर एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "अरे, झाडाची पूजा आपल्यात नसते." नसतेच. झाड देव नाही, देवाने केलेलं आहे. आजोबांनी मागावर विणलेली चादर आपण पूजत नाही, पण तिचं पायपुसणंही करत नाही.

बायबलच्या 'उत्पत्ती' या पुस्तकातल्या पहिल्या अध्यायात देव माणसाला सगळ्या जीवांवर 'सत्ता' देतो, ती सगळ्यांच्या लक्षात राहते. दुसऱ्या अध्यायात देव माणसाला एदेन बागेत ठेवतो तो तिची मशागत आणि राखण करायला. हे शब्द आपल्या भागात समजावून सांगावे लागत नाहीत. ज्वारी हुरड्यात आली की गोफण घेऊन माळ्यावर बसणाऱ्याला राखण म्हणजे काय ते ठाऊक असतं, आणि पाखरं त्यातूनही आपला वाटा नेतात हेही.

माझे आजोबा इथल्या गिरणीत कताई खात्यात होते. रानातली फुलं कष्ट करत नाहीत, कातत नाहीत, तरी वैभवशाली शलमोन राजासुद्धा त्यांच्यासारखा सजला नव्हता, असं येशू म्हणतो. हे वचन वाचलं की आजोबा हसायचे, "आम्ही जन्मभर कातलं, अन् अंगावर काय? हेच!" तेच आजोबा सुट्टीच्या दिवशी मला एसटीने नान्नजला न्यायचे. पायजम्याला कुसळं चिकटेपर्यंत माळावर हिंडायचं. माळढोक पक्षी आम्हाला एकदाच दिसला, लांब, गवतात मान ताठ करून उभा. आजोबांनी काही न बोलता डोक्यावरची टोपी काढली. चर्चमध्ये काढतात तशी. आता तिथे तो दिसणं जवळपास संपलंच आहे.

नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ सालचं. त्याच वर्षी पोप जॉन पॉल दुसरे यांनी असिसीच्या संत फ्रान्सिसना पर्यावरणाचे आश्रयदाते संत म्हणून जाहीर केलं. नुसता योगायोग, पण मला आवडतो. येत्या ४ ऑक्टोबरला त्यांचा सण आहे. आम्ही प्रॉटेस्टंट, संतांचे सण पाळत नाही. तरी आठशे वर्षांपूर्वी सूर्याला भाऊ आणि पाण्याला बहीण म्हणणारा हा माणूस सोलापूरकरांना परका वाटू नये. ही बहीण आमच्या नळाला चार-पाच दिवसांनी येते, आणि आली की अख्खं घर रात्रीसुद्धा उठून बसतं.

आता लवकरच कापणीच्या सणाची तयारी सुरू होईल. वेदीपुढे कणसं, भोपळे, उसाच्या मोळ्या मांडून उपकारस्तुती करायची आणि बाहेर आवारात वीतभर माती उघडी ठेवायची नाही, हे मला गिळवत नाही. निदान चार झाडांपुरती आळी मोकळी करा, अशी विनंती मी आमच्या कमिटीला लेखी दिली आहे. कडुलिंबाचं रोप घरी डब्यात तयार आहे, पहारही माझीच आणतो. चार ब्लॉक उचकटायची परवानगी तेवढी हवी.

– एक वाचक, सोलापूर