आजारी लेकरालाही घर मिळू द्या : महिला व बालविकास मंत्र्यांना नाशिकहून खुलं पत्र

मा. मंत्री महोदया,
महिला व बालविकास विभाग, महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

मी नाशिकला सिडकोत राहते, मिस्टर अंबडला कंपनीत आहेत, आणि बालकल्याण समितीच्या आदेशाने आमच्या घरी एक मुलगी आहे, फॉस्टर केअरमध्ये, म्हणजे दत्तक नाही, सांभाळायला दिलेली. तिचं नाव इथे लिहीत नाही, बाल न्याय कायद्यात अशा मुलांची ओळख उघड करायला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. घरात आम्ही तिला बाळी म्हणतो. सुरगाण्याकडची आहे, आईवडील दोघंही गेले, आणि तिला सिकलसेल आहे, रक्ताचा जन्मजात आजार. नुसती वाहक नाही हं, एसएस, म्हणजे पूर्ण आजार.

हे पत्र बाळीसाठी कमी आणि अजून बालगृहात बसलेल्या तिच्यासारख्या मुलांसाठी जास्त आहे. कोणाला हृदयाला छिद्र आहे, कोणाला फिट्स येतात, कोणाला थॅलेसेमियामुळे दर दोन-तीन आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, कोणाला रोज इन्सुलिन. अशी मुलं दत्तक जायला खूप वेळ लागतो, बरीच जातच नाहीत, मग त्यांच्यासाठी फॉस्टर घर हाच रस्ता उरतो. पण तिथेही लोक निरोगी मूल मागतात आणि मग सगळे म्हणतात बघा, लोकांची मनंच लहान. मॅडम, मला हे पटत नाही. आमच्या बिल्डिंगमध्येच दोन घरं अशी आहेत की ज्यांना मूल घ्यायची इच्छा आहे, ते बाळीशी खेळतात, तिला खाऊ आणतात, आणि मला आजाराबद्दल विचारतच नाहीत, विचारतात की ताई, रात्री दवाखान्यात न्यायची वेळ आली तर सही कोण करणार आणि खर्च कोण देणार. ह्या प्रश्नाला माझ्याकडे आज धड उत्तर नाही.

सिकलसेलच्या मुलाला सांभाळायचं म्हणजे काय ते थोडं सांगते. रोज हायड्रॉक्सीयुरिया हे सिकलसेलचं औषध आणि फॉलिक अ‍ॅसिड, ठराविक दिवसांनी रक्ताची तपासणी, दिवसभर पाणी पाजत राहायचं, शाळेत बाईंना सांगून ठेवायचं की हिला पाणी प्यायला आणि लघवीला कधीही सोडा. थंडी ही हिची वैरीण. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा कुठे जातो ते सगळ्या महाराष्ट्राला माहितीये, नाशिक शहरही काही मागे नसतं, त्या दिवसांत टाकीच्या गार पाण्याला हात लागला तरी हातापायांची हाडं ठणकायला लागतात. पोरगी ओरडत नाही, गप्प होते आणि अंग आखडून घेते, ते गप्प होणं ओळखता आलं पाहिजे. ताप आला की सकाळपर्यंत वाट बघायची नाही, कारण अशा मुलांना इन्फेक्शन फार लवकर चढतं. आणि डॉक्टरांनी मला प्लीहा, म्हणजे पोटातली स्प्लीन, तपासायला शिकवलंय. डाव्या बरगडीच्या खाली बोटं ठेवून हळूच दाबायचं, काल जिथे लागली होती त्यापेक्षा आज खाली आली का बघायचं. एकदम वाढली, पोरगी पांढरी पडली, तर त्यात रक्त साठतंय असं समजून लगेच निघायचं. रोज झोपताना मी हे करते, तिला वाटतं मी गुदगुल्या करतेय.

आता सांगा, बालगृहात रात्रपाळीला एक ताई असते, तिच्या अंगावर केवढी मुलं असतात, ती कितीही मायेची असली तरी कोणाकोणाची बरगडी चाचपणार? मी संस्थांना नावं ठेवत नाहीये, तिथली माणसं राबतात, मी डोळ्यांनी बघितलंय. पण ज्या मुलाच्या आजारात रोजचा बारीकसा फरक ओळखणं हाच अर्धा इलाज आहे त्याला रोज तेच दोन डोळे बघणारे लागतात, म्हणजे घरच लागतं. सर्दी-खोकल्याच्या मुलापेक्षा ह्या मुलांना घराची गरज जास्त आणि घर मिळतं सगळ्यात उशिरा.

सहीचं सांगते. गेल्या हिवाळ्यात बाळीला क्रायसिस, म्हणजे ह्या आजारातला जोराच्या दुखण्याचा झटका, आला, एका हॉस्पिटलला नेलं, रक्त चढवायचं ठरलं. संमतीपत्रावर सही करायला मी पेन घेतला तर विचारलं तुम्ही आई का? म्हटलं प्रतिपालक, म्हणजे फॉस्टर आई आहे, हा आदेश बघा. आदेश उलटसुलट वाचला, त्यात मूल ताब्यात दिल्याचं होतं पण उपचाराला संमती कोणी द्यायची त्याचा शब्द नव्हता. मग फोनाफोनी, जिल्हा बाल संरक्षण कक्षातल्या ताईंनी रात्री फोन उचलला म्हणून निभावलं, पण तेवढा वेळ पोरगी कण्हत पडली होती. ड्युटीवरच्या डॉक्टरांचा मला राग नाही, उद्या काही झालं तर ते अडकतील. पण बाल न्याय कायद्याच्या कलम 44 मध्ये सरळ लिहिलंय की मुलाचं शिक्षण, आरोग्य आणि पोषण ही फॉस्टर कुटुंबाची जबाबदारी. जबाबदारी दिलीत ना, मग ती पार पाडायला लागणारी सही पण द्या. रक्त देणं, अ‍ॅडमिट करणं, तातडीचे उपचार ह्याला प्रतिपालक संमती देऊ शकतात आणि मोठ्या ऑपरेशनला समितीचा अमुक सदस्य अमुक वेळात उत्तर देईल, एवढं प्रत्येक आदेशात छापील यावं. ह्याला बजेट लागत नाही, एक परिपत्रक लागतं.

पैशाचं बोलायला संकोच वाटतो कारण लगेच लोक म्हणतात पैशासाठी मूल ठेवलं, तरी बोलते. राज्याच्या बालसंगोपन योजनेत महिन्याला 2250 रुपये आहेत, 2023 पासून, आधी 1100 होते, वाढवले त्याबद्दल सरकारचे आभार. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये 4000 आहेत. पण दोन्हीकडे धडधाकट मुलाला जेवढे तेवढेच आजारी मुलाला. हायड्रॉक्सीयुरिया सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, पण एखाद्या महिन्यात स्टॉक नसला तर बाहेरून घ्यावं लागतं, डोस चुकवून चालत नाही. रिक्षा आहे, तपासण्या आहेत, आणि खरा खर्च म्हणजे बुडणारा रोज. बाळी अ‍ॅडमिट असली की माझं शिवणकाम बंद. महात्मा फुले जनआरोग्य योजनेचं म्हणाल तर आधी रेशनकार्ड बघतात आणि बाळीचं नाव आमच्या कार्डावर नाही. बालगृहातल्या मुलांची त्या योजनेत वेगळी सोय आहे, मग मूल बालगृहातून घरात आलं की ती सोय सुटून का जावी? तिच्या नावाचं कार्ड तिच्याबरोबरच आलं पाहिजे, घर कोणतंही असो.

सरकारला हे जमत नाही असं नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया घेतले. साध्या एसटीत सिकलसेलच्या पेशंटला तिकीट नाही, त्यामुळे सुरगाणा-पेठची माणसं नाशिकला तपासणीला येऊ शकतात. 2023 ला सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय मिशन निघालं, गावोगाव तपासण्या होतायत, आमच्या जिल्ह्यातल्या आदिवासी तालुक्यांमध्ये ह्याची किती गरज होती ते विचारू नका. फॉस्टर केअरचे नियमही 2024 मध्ये सोपे झाले, आता पस्तिशीपुढची एकटी व्यक्तीसुद्धा मूल सांभाळू शकते आणि पाच ऐवजी दोन वर्षांनी तेच मूल दत्तक घेता येतं. म्हणजे आरोग्य खातं एका बाजूने येतंय, तुमचं खातं दुसऱ्या बाजूने, फक्त मधे जे मूल आहे त्याच्यापाशी दोघं भेटत नाहीत. आजारी अनाथ मुलासाठी वाढीव वैद्यकीय रक्कम ठरवा, ती मुलाच्या खात्यात महिन्याच्या महिन्याला येऊ द्या, आणि घरी पाठवायच्या आधी प्रतिपालकांना सिव्हिलमध्ये आठवडाभर त्या आजाराचं ट्रेनिंग द्या. मला प्लीहा बघायला शिकवलं ते एका डॉक्टरांनी स्वतःहून, त्यांची ड्युटी संपल्यावर. नशिबाने ते भेटले. प्रत्येकीला भेटतील असं नाही.

अजून एक, हे कोणी मागत नाही म्हणून मी मागते. आम्हाला कधीतरी सुट्टी लागते. माझी सासू वारली तेव्हा गावी जायचं होतं आणि बाळीला कोणाकडे ठेवणार, ज्याला तापाचं गांभीर्य माहिती नाही त्याच्याकडे ठेवता येत नाही, त्यामुळे मिस्टर एकटे गेले आणि मी सासूच्या दहाव्यालाही पोचले नाही. तालुक्याला दोन-तीन तयार कुटुंबं असावीत जी चार दिवस दुसऱ्याचं फॉस्टर मूल रीतसर सांभाळतील. दमून गेलेल्या बाईने मूल परत बालगृहात सोडलं तर तिला दोष देणं सोपं आहे, पण त्या मुलाचं दुसऱ्यांदा घर गेलेलं असतं.

पैशाच्या गोष्टींना वेळ लागेल, अधिवेशन, मंजुरी, सगळं समजतं. पण सहीचं परिपत्रक नाशिकची थंडी सुरू व्हायच्या आत काढा. जिल्हा बाल संरक्षण कक्षाला आणि सिव्हिल सर्जनना एकच कागद जाऊ दे, म्हणजे आमच्या बिल्डिंगमधल्या त्या दोन घरांना मी सांगू शकेन की सही तुम्हीच करायची, अर्ज भरा.

आपली,
बाळीची प्रतिपालक आई
सिडको, नाशिक