युद्धातले पाणी: जिनिव्हाहून बाबांना पत्र

जिनिव्हा

तीर्थरूप बाबा आणि आई यांना साष्टांग नमस्कार.

बाबा, तुमचे पत्र मिळाले. वेढा पडलेल्या शहरांवर विमानातून पाण्याच्या बाटल्या का टाकत नाहीत, आणि तुमच्या मित्रमंडळींनी बाटल्या जमवल्या तर त्या युद्धग्रस्तांपर्यंत पोहोचवता येतील का, असे तुम्ही विचारले आहे. फोनवर दोन वाक्यांत उत्तर दिले असते तर तुमचा प्रश्न उडवून लावल्यासारखे झाले असते, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी हिशेब मांडू. मदतकार्यात आम्ही पाण्याचे अभियंते जे किमान प्रमाण मानतो त्यानुसार पिणे, स्वयंपाक आणि अंगाची स्वच्छता मिळून माणशी रोज 15 लिटर पाणी लागते. चार लाख वस्तीचे मध्यम शहर धरले तर ते 60 लाख लिटर, म्हणजे 6,000 टन होते. चाळीस-पन्नास टन माल नेणाऱ्या विमानाच्या रोज सव्वाशे ते दीडशे फेऱ्या कराव्या लागतील आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तितक्याच. दहा हजार लिटरच्या टँकरने न्यायचे म्हटले तरी रोज 600 खेपा होतात, त्याही रस्ते उखडलेले असताना आणि डिझेल मिळत नसताना. बाटल्या आणि टँकर यांवर पहिले काही दिवस निभावतात, रुग्णालयासारख्या ठिकाणी तर ते लागतातच. पण शहर जगते ते जमिनीखालच्या जुन्या जलवाहिन्यांवर, आणि म्हणून आमच्या कामाचा मोठा भाग त्या वाहिन्या, पंप आणि शुद्धीकरण केंद्रे कशीबशी चालू ठेवण्यात जातो.

हे 15 लिटरचे प्रमाण ज्या मानकांत आहे, ती आखण्यामागे फार कटू अनुभव आहे. 1994 च्या जुलैमध्ये रवांडातून पळालेले लाखो लोक काही दिवसांत शेजारच्या झैरेतल्या (आताच्या काँगोतल्या) गोमा शहराभोवती येऊन थांबले. तिथली जमीन ज्वालामुखीच्या कठीण खडकाची, त्यामुळे ना विहिरी खणता येत होत्या, ना शौचालयांचे खड्डे. लोक किवू सरोवराचे पाणी तसेच पीत राहिले, कॉलरा पसरला, आणि पहिल्या महिन्यात सुमारे 50,000 माणसे दगावली, त्यांतली बहुतेक जुलाबाच्या रोगांनी. या अनुभवानंतर 1997 मध्ये मदतसंस्थांनी एकत्र येऊन ‘स्फिअर’ नावाची मानके आखायला घेतली. घरापासून पाणी 500 मीटरच्या आत असावे, एका नळावर 250 हून अधिक माणसे नसावीत, रांगेत अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ जाऊ नये, असे त्यांत बारकाईने लिहिले आहे. रांगेचा उल्लेख कुणाला क्षुल्लक वाटेल, पण गोळीबाराच्या टप्प्यात असलेल्या गल्लीत रांग लांबली की कंटाळलेला माणूस जवळच्या डबक्याकडे वळतो किंवा उघड्यावर मारला जातो.

पूर्व युक्रेनमधल्या दोनेत्स्क जलशुद्धीकरण केंद्राची गोष्ट या दृष्टीने मला नेहमी आठवते. अवदिइवका आणि यासिनुवाता यांच्यामध्ये, युक्रेनचे सैन्य आणि रशियाचा पाठिंबा असलेले गट यांच्यातल्या ऐन संपर्करेषेवर असलेले हे केंद्र दोन्ही बाजूंच्या मिळून तीन लाखांहून अधिक लोकांना पाणी देत असे. तोफांच्या माऱ्यामुळे ते पुन्हा पुन्हा बंद पडे आणि कर्मचारी पुन्हा कामावर जात. एप्रिल 2018 मध्ये त्यांच्या बसवर गोळीबार होऊन पाच जण जखमी झाले. या कर्मचाऱ्यांना रणांगण ओलांडून जाता यावे यासाठी दोन्ही सैन्यांकडून काही तासांची शांतता मागून घ्यावी लागे. कोणती गाडी, किती माणसे, कोणत्या वाटेने आणि किती वाजता, हे सर्व आधी कळवावे लागे, आणि तरीही खात्री नसे. परदेशातून आलेल्या माझ्यासारख्या अभियंत्यांचे कौतुक होते, पण कोणती झडप किती फेरे फिरवायची हे ठाऊक असलेला स्थानिक पंपचालक गाव सोडून गेला, तर आम्ही आणलेली यंत्रसामग्री नुसती पडून राहते.

सीरियाच्या ईशान्येला हसाके प्रांतात अलूक नावाचे उदंचन (पाणी उपसण्याचे) केंद्र आहे. ऑक्टोबर 2019 पासून ते तुर्कस्तान आणि त्याच्या सहकारी गटांच्या ताब्यात गेले, तर त्याला लागणारी वीज कुर्दांच्या नियंत्रणातल्या भागातून येत होती. एका बाजूने पाणी अडवले की दुसरी वीज तोडे, आणि मधल्या मध्ये साडेचार लाखांहून अधिक लोक तहानलेले राहत. युक्रेनमधल्या मिकोलाइव्ह शहराची नदीवरून येणारी मुख्य वाहिनी एप्रिल 2022 मध्ये तुटली, तेव्हा मलनिस्सारण तरी चालावे म्हणून खाडीचे खारे पाणी नळांत सोडले गेले, आणि त्या मिठाने शहरभरचे लोखंडी पाइप कुरतडले. वाहिनी एका दिवसात फुटते, मात्र तिच्या अभावी झालेले नुकसान वर्षानुवर्षे निस्तरावे लागते.

तुम्ही विचाराल की याला कायदा काही आहे की नाही. आहे. 1949 च्या जिनिव्हा करारांना 1977 मध्ये जोडलेल्या पहिल्या प्रोटोकॉलच्या 54 व्या कलमात पिण्याच्या पाण्याची ठिकाणे आणि सिंचनाची कामे यांवर, नागरिकांना त्यांपासून वंचित करण्याच्या हेतूने हल्ला करण्यास मनाई आहे. (भारताने हा प्रोटोकॉल स्वीकारलेला नाही, अमेरिकेनेही नाही, तरी हा नियम आता रूढ कायदा म्हणून सर्वांना लागू मानला जातो.) मला यातली खरी अडचण विजेची वाटते. वीज सैन्यही वापरते, म्हणून वीजकेंद्राला लष्करी लक्ष्य म्हणता येते, आणि वीज गेली की पंप आपोआप थांबतो. 1991 मध्ये इराकची वीजव्यवस्था बाँबहल्ल्यांत कोसळल्यावर पाणी आणि सांडपाणी दोन्हींचे पंप बंद पडले व जुलाबाचे रोग वाढले. मे 2025 मध्ये सुदानची राजधानी खार्टूममध्ये ड्रोनहल्ल्यांनी वीज गेली, शुद्धीकरण थांबले, लोक नाईलचे पाणी भरू लागले आणि कॉलरा झपाट्याने वाढला. जलकेंद्राला धक्काही न लावता शहर तहानेने मारता येते, हे मला कायद्याचे सर्वांत मोठे भगदाड वाटते.

पाणी मिळाले तरी काम संपत नाही. गढूळ पाण्यात क्लोरीन टाकले तर ते गाळावरच खर्ची पडते, म्हणून आधी तुरटीने गाळ बसवायचा, मग क्लोरीन घालून अर्धा तास थांबायचे आणि नळाशी लिटरमागे 0.2 ते 0.5 मिलिग्रॅम क्लोरीन उरते का हे तपासायचे. तेच पाणी उन्हात उघड्या भांड्यात राहिले की हे उरलेले क्लोरीन काही तासांत उतरते, तेव्हा झाकणाचा स्वच्छ कॅन वाटणे हेही शुद्धीकरणाइतकेच महत्त्वाचे ठरते. आणि क्लोरीन मिळवणे सोपे नसते. पहिल्या महायुद्धात 22 एप्रिल 1915 रोजी बेल्जियममधल्या ईप्र येथे ज्या वायूने हजारो सैनिक गुदमरले, तो हाच. त्यामुळे त्याचे सिलिंडर तपासणीनाक्यांवर अडवले जातात, आणि अडवणाऱ्याला सर्वस्वी दोष देता येत नाही. सीरियात त्याचा शस्त्र म्हणून वापर झालेला आहे.

आईला एक गोष्ट आवर्जून सांगा. 1971 च्या युद्धात पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलऱ्याने थैमान घातले आणि शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ, ग्लुकोज आणि सोडा यांचे पाणी पाजण्याचे काम रुग्णांच्या नातेवाइकांवर सोपवले. मृत्यूचे प्रमाण 30 टक्क्यांच्या आसपास होते, ते 3.6 टक्क्यांवर आले. आज जगभर मिळणाऱ्या अशा जलसंजीवनीच्या (ओआरएसच्या) पुड्यांवर लोकांचा विश्वास बसला तो या छावणीतल्या अनुभवानंतर. मात्र ते द्रावण कालवायलाही आधी स्वच्छ पाणीच लागते.

तेव्हा तुमच्या मंडळींना सांगा की बाटल्या जमवू नका. त्यांच्या वाहतुकीचा खर्च आतल्या पाण्याच्या किमतीपेक्षा कितीतरी अधिक होईल. पैसे द्यायचे असतील तर हिशेब उघडपणे मांडणाऱ्या आणि त्या देशात आधीपासून काम करणाऱ्या संस्थेला द्यावेत, आणि त्यांचा विनियोग ‘फक्त मुलांसाठी’ अशा अटींनी बांधून टाकू नये. त्या पैशांतून डिझेल, बेअरिंग, ट्रान्सफॉर्मरचे तेल किंवा महिनोन्महिने पगाराविना राबणाऱ्या पंपचालकाचा भत्ता दिला जाईल. त्याचा फोटो कुणी छापणार नाही, पण नळ त्यामुळेच चालू राहील.

भाच्याला या क्षेत्रात यायचे आहे असे ताईने कळवले. त्याला म्हणावे, पदवीनंतर दोन-तीन वर्षे एखाद्या पाणीपुरवठा योजनेवर प्रत्यक्ष काम करावे, पंप स्वतः उघडून पुन्हा जोडता यावा, आणि फ्रेंच किंवा अरबी यांपैकी एक भाषा आतापासून शिकायला घ्यावी. बाकीचे मी त्यालाच वेगळ्या पत्रात लिहीन.

आपली,
धाकटी