गुन्हा रद्द झाला, दडपला नाही

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

वरुड तालुक्यातल्या एका खेड्यात मी २६ वर्षे इंग्रजी शिकवले. निवृत्त झाल्यापासून गावातली माणसे बँकेचे, विम्याचे, कोर्टाचे कागद घेऊन माझ्या ओसरीवर येतात. यंदा पेरणी आटोपल्यावर एक शेतकरी असाच आला. धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, वादातून त्याच्या मुलावर पोलीस ठाण्यात गुन्हा दाखल झाला होता. तो रद्द व्हावा म्हणून नागपूर खंडपीठात अर्ज केला होता आणि सकाळीच वकिलांचा फोन आला होता. "सर, वकीलसायेब म्हन्ते केस क्वॅश झाली. मंग पोरगा सुटला का अडकला?"

सुटला, मी सांगितले. त्याने उपरण्याने डोळे पुसले आणि बराच वेळ काही बोललाच नाही.

आठवड्याभराने त्याच निकालाची चार ओळींची बातमी एका ठिकाणी आली. तुमच्या दैनिकात नव्हे. मथळा होता, "खंडपीठात गुन्हा दडपला". ते कात्रण मोबाइलवरून गावभर फिरले. ज्यांनी 'क्वॅश' हा शब्द नुसता कानाने ऐकला होता, त्यांना तो आधीच 'कॅश' वाटला होता. 'दडपला' वाचल्यावर त्यांची खात्रीच पटली. मुलाची सोयरीक जवळपास ठरली होती. मुलीकडच्यांनी मध्यस्थाला विचारले, "किती देऊन दाबलं?" तेव्हापासून त्यांच्याकडून निरोप नाही.

बातमी लिहिणाऱ्याने हे मुद्दाम केले असे मला वाटत नाही. त्याने कोश उघडला असेल आणि समोर दिसलेला पहिला अर्थ उचलला असेल. कोशात 'दडपणे' हा अर्थ आहेच. पण ज्या इंग्रजी क्रियापदाने हा घोटाळा केला, त्याच्या मुळाशीच दोन वेगळे शब्द एकात मिसळलेले आहेत. ते कसे, हे वाचकांपुढे यावे म्हणून हे पत्र.

लॅटिनमध्ये 'क्वातेरे' म्हणजे हलवणे, हादरवणे. त्यावरून 'क्वासारे', म्हणजे गदागदा हलवून मोडणे, फोडणे. डोक्याला मार लागल्यावर डॉक्टर 'कन्कशन' म्हणतात, ते याच कुळातले. आपण रोज बोलतो ते 'डिस्कशन'सुद्धा याच घरचे, मुळात त्याचा अर्थ झटकून वेगवेगळे करणे. दुसरीकडे लॅटिनमध्येच 'कासुस' असा एक शब्द होता. कासुस म्हणजे रिकामे, पोकळ. टरफलाच्या आत गर नसलेल्या फळालाही रोमन लोक हेच विशेषण लावत. आपल्याकडे सोयाबीनची शेंग वरून भरलेली दिसते आणि दाबली की आत दाणाच नसतो, तिला आपण पोचट म्हणतो, अगदी तसे. या कासुसवरून 'कासारे' झाले, म्हणजे पोकळ ठरवणे, कायद्याच्या दृष्टीने निरर्थक करणे.

मध्ययुगात लेखनिकांच्या हातून हे दोन शब्द एकमेकांत मिसळले. जुन्या फ्रेंचमध्ये दोघांचे रूप जवळपास एकच झाले आणि तेच इंग्रजीत येऊन 'क्वॉश' झाले. (खरा उच्चार हाच, आपल्याकडे 'क्वॅश' रुळला आहे.) म्हणून इंग्रजीत बंडही क्वॉश होते, अफवाही क्वॉश होते आणि न्यायालयाचा आदेशही क्वॉश होतो. फ्रेंचमध्ये आजही 'कासे' म्हणजे काच फोडणे आणि निकाल मोडणेही. फ्रान्सच्या ज्या सर्वोच्च न्यायालयाची मुळे १७९० सालात आहेत, त्याचे नावच या शब्दावरून पडले. ते न्यायालय साक्षीपुरावे नव्याने तपासत नाही. खालचा निकाल कायद्यात बसतो की नाही एवढेच पाहते आणि बसत नसेल तर तो मोडते.

आमच्या संत्र्याच्या पट्ट्यात घरोघरी माहीत असलेला 'स्क्वॉश'ही याच कुळातला आहे. फळ चेंगरून काढलेला रस म्हणून ते नाव. तो मात्र निव्वळ 'क्वासारे'च्या, म्हणजे मोडण्याफोडण्याच्या बाजूचा. पोकळ ठरवण्याशी त्याचा संबंध नाही.

इंग्रजीत दोन शब्द एक झाले, पण मराठीत तसे झालेले नाही. आपण बंड मोडून काढतो, अफवा खोडून काढतो, गुन्हा रद्द करतो आणि प्रकरण दडपतो. चार कामांना चार क्रियापदे आहेत आणि शेवटची दोन तर एकमेकांच्या विरुद्ध टोकाला आहेत. दडपणारा माणूस सत्य झाकतो आणि ते कोणाला कळू नये म्हणून धडपडतो. रद्द करणारे न्यायालय भर कोर्टात, दोन्ही बाजूंचे ऐकून, कारणे लिहून, सही करून निकाल देते. 'रद्द' हा शब्द अरबीतून आला, त्याचा मूळ अर्थ परत फिरवणे, नाकारणे. 'बातल'ही अरबीच, म्हणजे खोटे, पोकळ. आपल्या पूर्वजांनी दोन्ही जोडून 'रद्दबातल' केले आणि इतका नेमका शब्द घरात असताना आपण कोशातून 'दडपला' उचलून आणतो, याचे मला फार वाईट वाटते.

'खारीज' या शब्दाचाही असाच गोंधळ होतो. आमच्याकडे हिंदीच्या शेजारामुळे तो सर्रास वापरतात. खारीज म्हणजे बाहेर काढलेला. त्या मुलाचा अर्ज खारीज झाला असता तर गुन्हा कायम राहिला असता. अर्ज मंजूर झाला म्हणून गुन्हा रद्द झाला. बातमीत काय खारीज आणि काय रद्द हे स्पष्ट नसेल, तर जिंकलेला माणूस हरल्यासारखा वाचला जातो.

हा अधिकार उच्च न्यायालयाला कुठून मिळतो, तेही वाचकांना माहीत असावे. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तो कलम ४८२ मध्ये होता. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५२८ मध्ये आहे. १९९० साली हरियाणा सरकार विरुद्ध भजनलाल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, गुन्हा कोणत्या परिस्थितीत रद्द करता येतो याचे सात प्रकार उदाहरणादाखल सांगितले. त्यातला पहिलाच असा की, तक्रारीतला शब्द न् शब्द खरा धरला तरी त्यातून कोणताही गुन्हा बनत नाही. शेंग आहे पण दाणा नाही. केवळ सूड उगवण्यासाठी केलेली तक्रार हाही त्या सातांपैकी एक प्रकार आहे. आणि हा अधिकार अगदी क्वचित वापरावा, अशी ताकीदही त्याच निकालात आहे. एवढ्या जपून वापरल्या जाणाऱ्या अधिकाराला 'दडपणे' म्हणायचे, हे त्या मुलावर आणि न्यायालयावरही अन्याय करणारे आहे.

उच्च न्यायालयाचे काम राज्यघटनेच्या कलम ३४८ नुसार इंग्रजीत चालते. त्यामुळे खेड्यातल्या माणसापर्यंत त्याचा निकाल पोचतो तो वकिलाच्या फोनमधून किंवा वर्तमानपत्रातून. वकिलाचा फोन एकट्याला येतो, वर्तमानपत्र सारा गाव वाचतो. म्हणून माझी विनंती आहे की, आपल्या दैनिकात अशा बातमीत 'क्वॅश' आणि 'दडपला' हे दोन्ही शब्द टाळून सरळ 'गुन्हा रद्द केला' असे छापावे, आणि का रद्द केला ते एका ओळीत सांगावे. तालुक्याच्या वार्ताहरांनाही तसे कळवता आले तर फार बरे होईल.

निकालाची प्रमाणित प्रत त्या शेतकऱ्याने प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सातबाऱ्याच्या फाइलमध्ये ठेवली आहे. 'क्वॅश्ड अँड सेट असाइड' या ओळीशेजारी मी पेन्सिलने 'रद्द केला' असे लिहून दिले आहे. येत्या रविवारी ती प्रत घेऊन आम्ही दोघे मुलीकडच्यांकडे जाणार आहोत.

आपला,
एक सेवानिवृत्त शिक्षक
ता. वरुड, जि. अमरावती