प्रात्यक्षिक शाळेतच हवे

महोदय,

शालेय आरोग्यसेवेत येणाऱ्या नोंदणीकृत परिचारिकांसाठी ऑनलाइन पदव्युत्तर प्रमाणपत्र असावे, हे मला पटते. रात्रपाळी करून कॉलेजात बसणे कुणाला जमते? प्रात्यक्षिक मात्र शाळेतच, अनुभवी परिचारिकेच्या हाताखाली व्हावे. वॉर्डात हाक मारली की डॉक्टर येतात. शाळेत मधुमेही मुलाची साखर ७० च्या खाली गेली, तर १५ ग्रॅम ग्लुकोज देऊन १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचे, आणि तेवढ्यात दारात धाप लागलेले दुसरे मूल उभे! वॉर्ड सोडून आल्यावर मला हे एकटेपणच जड गेले. शिवाय चिठ्ठी न देता दप्तरात नुसती गोळी पाठवणाऱ्या पालकांशी कसे बोलायचे, हे कुठल्या व्हिडिओत शिकवणार?

– एक शालेय परिचारिका